कर्नलचे पर्याय वापरणाऱ्याला समजावून कसे सांगावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एम्बेडेड (उपकरणांच्या आत बसणारे छोटे संगणक) शिकणाऱ्या मुलांसोबत बसून मी गेली काही वर्षं लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा त्याचा गाभा, सोर्स कोडपासून तयार (कंपाइल) करतो. पहिल्या दिवशी मेन्यूकॉन्फिगचा, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या यादीचा, निळा पडदा उघडला की मुलं दबकतात. तिथून पुढे जे प्रश्न येतात ते दरवर्षी जवळपास तेच असतात. काही पर्याय निवडणाऱ्यांचे, काही स्वतःच्या ड्रायव्हरसाठी (उपकरण चालवणारा कोड) मदत-मजकूर, म्हणजे पर्यायाखालची माहिती, लिहू पाहणाऱ्यांचे. दोघांचीही उत्तरं एकाच ठिकाणी हवीत म्हणून हे पान. आज्ञा आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

कॉन्फिग पर्याय म्हणजे नेमकं काय?

कर्नल कंपाइल करण्याआधी त्यात काय घ्यायचं आणि काय वगळायचं हे ठरवणारा एकेक प्रश्न म्हणजे एकेक पर्याय. बहुतेकांची उत्तरं तीनपैकी एक असतात. वाय म्हणजे कर्नलच्या आतच घ्या, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल (स्वतंत्र फाइल) करा आणि लागेल तेव्हा चढवा, एन म्हणजे नको. काही पर्यायांना फक्त वाय किंवा एन चालतं, काहींना आकडा किंवा मजकूर लागतो. सगळी उत्तरं मिळून डॉट कॉन्फिग नावाची फाइल तयार होते. असे पर्याय दहा हजारांहून कितीतरी जास्त आहेत. एवढे सगळे कुणाच्याही डोक्यात मावत नाहीत, कर्नलमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाच्यासुद्धा नाहीत. म्हणून प्रत्येक पर्यायाखाली लिहिलेला चार ओळींचा मजकूर महत्त्वाचा. निर्णय घेताना माणसासमोर तेवढाच असतो.

हा मजकूर असतो कुठे?

कर्नलच्या सोर्समध्ये ठिकठिकाणच्या फोल्डरांत केकॉन्फिग नावाची फाइल असते. पर्यायाची व्याख्या, तो कशावर अवलंबून आहे आणि त्याची माहिती, सगळं तिथेच एकाखाली एक लिहिलेलं असतं. पूर्वी असं नव्हतं. 2.4 आवृत्तीपर्यंत सगळी माहिती डॉक्युमेंटेशन फोल्डरातल्या कॉन्फिगर डॉट हेल्प या एकाच अवाढव्य फाइलमध्ये होती. पर्याय एका जागी आणि त्याची माहिती भलतीकडेच, त्यामुळे कोड बदलणारा ती फाइल उघडायचं विसरून जाई. 2002 साली 2.5.45 मध्ये कर्नल विकासक रोमन झिपेल यांची केकॉन्फिग पद्धत आली आणि माहिती पर्यायाच्या शेजारी येऊन बसली. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात मोलाची सुधारणा. ज्याने कोडला हात लावला त्याच्या नजरेसमोरच मजकूर असला, तरच तो ताजा राहण्याची काही आशा असते.

मेन्यूकॉन्फिगमध्ये पर्यायावर जाऊन प्रश्नचिन्ह दाबलं की हाच मजकूर दिसतो.

मेन्यूकॉन्फिगमध्ये शोधलं, पण माझ्या चिपचं नावच सापडत नाही. आधार नाही का?

बऱ्याचदा असतो. तिरकी रेघ दाबून होणारा शोध पर्यायाच्या नावात चालतो, मदत-मजकुरात नाही. डीएस3231 हे घड्याळाचं मॉड्यूल घ्या. रास्पबेरी पाय 4 पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, म्हणून मुलं हे निळं मॉड्यूल विकत आणून चार तारांनी जोडतात. मग 3231 शोधतात आणि हात हलवत परत येतात. या चिपचा ड्रायव्हर आहे आरटीसी_डीआरव्ही_डीएस1307. सुरुवातीला 1307 साठी लिहिला गेला, नंतर त्याच घराण्यातल्या बऱ्याच चिप त्यात सामावल्या, नाव मात्र पहिल्या चिपचंच राहिलं.

अशा वेळी ड्रायव्हरच्या फोल्डरात ग्रेप (फाइलींतला शब्द शोधणारी आज्ञा) मारा, चिपचं नाव कुठल्या सी फाइलमध्ये येतं ते पाहा आणि शेजारच्या मेकफाइलमधून (कुठली फाइल कुठल्या पर्यायाने कंपाइल होते ते तिथे असतं) त्या फाइलचा पर्याय शोधा. आणि कधी तुम्ही स्वतः ड्रायव्हर लिहिलात, तर बाजारात त्या चिपवर जे नाव छापलेलं असतं ते मदत-मजकुरात जरूर घाला. वापरणाऱ्याच्या हातात चिप असते. तुमच्या ड्रायव्हरची वंशावळ त्याला ठाऊक नसते.

पर्याय अजिबातच दिसत नसेल तर बहुधा त्याचं अवलंबन पूर्ण झालेलं नसतं. शोधाच्या निकालात "डिपेंड्स ऑन" ही ओळ वाचा. त्यातलं काय बंद आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.

चांगला मदत-मजकूर कसा ओळखायचा?

वाचून निर्णय घेता आला तर तो चांगला.

वाईट मजकुराचा नमुना प्रत्येकाने पाहिला आहे. पर्यायाचं नाव "अमुक सपोर्ट" आणि खाली माहिती काय, तर "अमुकचा सपोर्ट चालू करतो." ज्याला अमुक म्हणजे काय हे माहीत नाही तो होता तिथेच राहतो आणि ज्याला माहीत आहे त्याला या ओळीची गरजच नव्हती.

आता उलट बाजू पाहा. कर्नलच्या टिकचा, म्हणजे टाइमरच्या ठोक्याचा, वेग ठरवणारा एचझेड हा पर्याय आहे. 100, 250, 300 आणि 1000 अशा चार निवडी. 100 घेतलं तर दर 10 मिलिसेकंदांनी टिक, 1000 घेतलं तर दर मिलिसेकंदाला. नुसते आकडे दिले असते तर बहुतेकांनी मोठा आकडा चांगला समजून तोच निवडला असता. पण मजकूर कारण सांगतो. 100 हे पुष्कळ प्रोसेसर असलेल्या सर्व्हरसाठी, कारण तिथे टाइमरचे व्यत्यय फार झाले की कामगिरी घसरते. आणि 300 कशाला? तर त्याला पाल आणि एनटीएससी या दोन्ही टीव्ही पद्धतींच्या चौकटींच्या वेगाने पूर्ण भाग जातो. आपल्या दूरदर्शनची पाल पद्धत सेकंदाला 25 चौकटींची, अमेरिकेची 30 च्या आसपास. 300 ला 25 ने भागा, 12 येतात. 30 ने भागा, 10 येतात. व्हिडिओचं काम करणाऱ्याला या एका वाक्यात त्याचं उत्तर मिळालं. तो विचित्र आकडा कुठून आला हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांचे चेहरे उजळतात. एवढं बळ एका ओळीत असतं.

किंमत सांगणं ही दुसरी कसोटी. मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या केएसॅन या पर्यायाचा मजकूर स्पष्ट सांगतो की त्याचा सर्वसाधारण प्रकार सुरुवातीलाच उपलब्ध मेमरीचा आठवा भाग घेतो आणि सगळं साधारण तिप्पट सावकाश होतं. 8 जीबीच्या लॅपटॉपवर म्हणजे 1 जीबी गेलीच. हे वाचून तुम्ही तो रोजच्या कर्नलमध्ये ठेवणार नाही, पण चूक शोधायच्या दिवशी बिनधास्त चालू कराल. जास्तीत जास्त प्रोसेसर किती हे ठरवणाऱ्या एनआर_सीपीयूज या पर्यायातही असाच हिशेब आहे, एक्स86 वर दर प्रोसेसरमागे कर्नलची प्रतिमा सुमारे 8 केबीने वाढते. "थोडी जास्त मेमरी लागते" असं लिहिणं सोपं असतं. आकडा लिहायचा तर आधी मोजावं लागतं, म्हणून आकडा दिसला की लिहिणाऱ्याने कष्ट घेतले आहेत हे समजतं.

"खात्री नसेल तर एन म्हणा" ही ओळ घातली की झालं ना?

ओळ जरूर घाला, पण मजकुराची शेवटची ओळ म्हणून. वरची माहिती वाचूनही ज्याला ठरवता आलं नाही त्याच्यासाठी ती आधाराची काठी आहे. माहितीच नसलेल्या पर्यायाखाली एवढी एकच ओळ असेल तर तुम्ही वाचणाऱ्याला काहीच दिलेलं नाही.

आणि एन म्हटल्यावर काय बिघडेल तेही लिहा. एखाद्या जुन्या फाइल सिस्टिमच्या पर्यायाला एन म्हटलं तर जुनी डिस्क उघडणार नाही, एवढंच नुकसान. काही पर्यायांत मात्र एन म्हटलं की मशीनच सुरू होत नाही. दोन्हींना एकाच सुरात "खात्री नसेल तर" म्हणणं बरोबर नाही.

मी मजकूर नीट वाचून एम निवडलं, तरी मशीन बूट होईना. माझी चूक काय?

हे माझ्यासमोर घडलेलं आहे. एका विद्यार्थ्याने स्वतःच्या लॅपटॉपसाठी कर्नल केला. डिस्क एनव्हीएमई प्रकारची एसएसडी. बूट लवकर व्हावं म्हणून त्याने इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना लागणारी मॉड्यूल मेमरीत पुरवणारी तात्पुरती फाइल सिस्टिम, वगळलं. एनव्हीएमई ड्रायव्हरला एम दिलं, कारण मजकुरात एम दिल्यास मॉड्यूलचं नाव काय असेल ते छान लिहिलेलं होतं. रीस्टार्ट केल्यावर पडद्यावर शेवटची ओळ आली ती "कर्नल पॅनिक" ची, आणि त्यात "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)", म्हणजे सिस्टिम जिच्यावर आहे ती रूट डिस्क उघडता आली नाही. पोरगा पांढराफटक पडला, त्याला वाटलं डिस्कच गेली.

डिस्क धडधाकट होती. झालं असं की एनव्हीएमईचं मॉड्यूल एनव्हीएमई डिस्कवरच ठेवलेलं. कुलपाची किल्ली कुलूपबंद कपाटात. डिस्क वाचायला मॉड्यूल हवं आणि मॉड्यूल मिळवायला डिस्क वाचता यायला हवी. ग्रब या बूट मेन्यूतून जुना कर्नल निवडला, एम चं वाय केलं, पुन्हा कंपाइल केलं आणि मशीन उभी राहिली.

त्या मुलाने मजकूर वाचला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो मजकूर हेच सांगतो की हा ड्रायव्हर पीसीआय बसला थेट जोडलेल्या एसएसडीसाठी आहे, तशी डिस्क नक्की नसेल तर एन चालेल, आणि मॉड्यूलचं नाव हे असं. एक शब्दही खोटा नाही. फक्त ज्याची रूट डिस्क तीच आहे त्याला लागणारं वाक्य तिथे नाही. एक्सएफएस फाइल सिस्टिमच्या मजकुरात मात्र ते आहे: रूट विभागाची फाइल सिस्टिम मॉड्यूल म्हणून केली, तर बूट करायला प्रारंभिक रॅमडिस्क (इनिटरॅमएफएससारखीच सोय) लागेल. स्क्वॉशएफएसमध्येही तशी सूचना आहे. कुणीतरी कधीतरी या खड्ड्यात पडलं असणार, आणि वर येऊन त्याने पाटी लावली. तुमचा पर्याय बूट होण्याच्या वाटेवर असेल तर अशी पाटी तुम्हीही लावा.

मजकूर किती लांब हवा? मांडणीचे नियम आहेत का?

कर्नलमधली चेकपॅच ही स्क्रिप्ट चारपेक्षा कमी ओळींच्या मजकुरावर ताकीद देते. पण ओळी भरायच्या म्हणून भरू नका.

पर्यायाच्या व्याख्येखालच्या ओळी एक टॅब आत, आणि मदत-मजकूर त्याहून दोन स्पेस आत. सुरुवातीला फक्त "हेल्प" हा शब्द. जुन्या फाइलींत त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आडव्या रेघा दिसायच्या, ती पद्धत 2020 मध्ये काढून टाकली. जुन्या ट्युटोरियलमधून नक्कल करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पर्यायाचं एका ओळीचं शीर्षक कसं असावं?

यादीतून खाली सरकत जाणारा माणूस प्रत्येक वेळी प्रश्नचिन्ह दाबत नाही. म्हणून धोका असेल तर तो शीर्षकातच हवा, आतल्या मजकुरात लपलेला चालत नाही. कर्नलच्या कोडिंग शैलीच्या नियमावलीत यासाठी एडीएफएस फाइल सिस्टिमचं उदाहरण आहे. तिच्यावर लिहिण्याच्या पर्यायाच्या शीर्षकातच कंसात मोठ्या अक्षरांत "धोकादायक" असा शब्द आहे. विदा कायमचा जाऊ शकतो, तिथे मोठ्या अक्षरांत ओरडलं तरी चालतं.

माझं फीचर चांगलं आहे. ते डिफॉल्ट वाय का ठेवू नये?

कारण ते प्रत्येकाच्या कर्नलमध्ये जाऊन बसेल, आणि ज्याने विचारपूर्वक आटोपशीर कॉन्फिग जपलं आहे त्याच्यावर तुमचं ओझं पडेल. वाय कुठे चालतं? जे आधी कायम कंपाइल होत होतं आणि आता पहिल्यांदा बंद करता येईल असं झालं, तिथे. जो पर्याय नुसतं दार आहे, म्हणजे आतले बाकीचे पर्याय दाखवतो किंवा झाकतो पण स्वतः कोड आणत नाही, तिथे. आणि नेटवर्किंगसारख्या, सगळ्यांनी गृहीतच धरलेल्या गोष्टींना. नवीन ड्रायव्हरला नाही.

जुन्या लेखांत "एक्स्पेरिमेंटल" चालू करा असं लिहिलेलं असतं. ते आता कुठे आहे?

आता ते नाहीच. 3.9 आवृत्तीत, 2013 साली ते गेलं. प्रयोगावस्थेतल्या गोष्टींना खूण म्हणून तो पर्याय होता, पण हळूहळू जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोला (उबुंटूसारख्या तयार लिनक्सला) तो चालू ठेवावा लागू लागला, कारण त्यामागे रोजच्या वापरातले ड्रायव्हर अडकले होते. ज्या सूचनेकडे सगळ्यांनाच दुर्लक्ष करावं लागतं ती सूचना राहत नाही. त्या वेळी ज्या पर्यायाला खरोखर जपून हात लावायला हवा, त्याच्या स्वतःच्या मजकुरात तसं लिहिणं हाच मार्ग उरला, आणि तोच योग्य आहे.

एम्बेडेड या पर्यायाचंही तसंच. 2011 साली त्याचं नाव एक्स्पर्ट झालं, कारण त्याचा छोट्या उपकरणांशी संबंध कमी आणि "काय करतोय हे मला कळतं" याच्याशी जास्त होता.

एखादी सेटिंग बदलायला दर वेळी कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागतो का?

बरेचदा नाही, आणि हे मजकुरात लिहिलेलं नसल्याने लोकांचे तासन्‌तास वाया जातात. कर्नलला तीन वेळा काही सांगता येतं: कंपाइल करताना, बूट होताना आणि चालू असताना. मेमरी मोठ्या तुकड्यांत वाटणारं ट्रान्सपरंट ह्यूजपेज घ्या. कॉन्फिगमध्ये त्याची सुरुवातीची पद्धत ठरते. पण बूटच्या ओळीत ती बदलता येते, आणि चालू मशीनवर सिस फोल्डरातल्या एका फाइलमध्ये एक शब्द लिहून तिथल्या तिथेही बदलता येते. ज्या पर्यायाचं असं आहे त्याच्या मजकुरात "ही फक्त सुरुवातीची किंमत आहे, नंतर अमुक ठिकाणी बदलता येईल" हे वाक्य हवंच हवं. डिस्ट्रोचा तयार कर्नल वापरणाऱ्यासाठी तर सगळ्या मजकुरात तेच सर्वांत उपयोगी.

मी एक पर्याय बंद केला, तो आपोआप परत चालू होतो. का?

दुसऱ्या कुठल्यातरी पर्यायाने त्याला "सिलेक्ट" केलं आहे. सिलेक्ट बळजबरीने चालू करतं, समोरच्याची अवलंबनं पूर्ण आहेत की नाहीत हेही पाहत नाही. म्हणून लिहिणाऱ्यांनी ते जपून वापरावं, शक्यतो ज्यांना स्वतःचं शीर्षक नाही अशा आतल्या पर्यायांसाठीच. शोधाच्या निकालात "सिलेक्टेड बाय" पाहिलं की कोण धरून बसलंय ते कळतं.

नवीन आवृत्ती घेतली की शेकडो प्रश्न येतात. सगळे वाचू?

जुनी डॉट कॉन्फिग नवीन सोर्समध्ये ठेवा आणि आधी मेक हेल्पन्यूकॉन्फिग चालवा. फक्त नवे पर्याय त्यांच्या मजकुरासह दिसतात. चहा घेत निवांत वाचून काढा. मग मेक ओल्डकॉन्फिगने उत्तरं द्या, किंवा मेक ओल्डडिफकॉन्फिगने उरलेल्यांना डिफॉल्ट द्या.

मेक लोकलमॉडकॉन्फिग सध्या चढलेली मॉड्यूल पाहून कॉन्फिग बारीक करतं. ते चालवण्याआधी पेन ड्राइव्ह, वेबकॅम, प्रिंटर, यूएसबी-सिरियल केबल, जे जे वापरता ते सगळं एकदा जोडा. नाहीतर त्यांचे ड्रायव्हर गळतील आणि ते तुम्हाला पुढच्या आठवड्यात कळेल.

चालू कर्नलचं कॉन्फिग कुठे पाहू?

डेबियन आणि उबुंटूमध्ये बूट फोल्डरात, कर्नलच्या आवृत्तीच्या नावाने. इतरत्र प्रॉक फोल्डरात कॉन्फिग डॉट जीझेड शोधा. आयकेकॉन्फिग_प्रॉक चालू असेल तरच ती असते. तुमच्या बोर्डाच्या कर्नलमध्ये ते चालू ठेवा, पुढच्या माणसाचे कष्ट वाचतील.

बीएसडीमध्ये हे कसं करतात?

बीएसडी म्हणजे लिनक्ससारख्याच, पण वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कुटुंब. फ्रीबीएसडीमध्ये जेनेरिक नावाचं आटोपशीर कॉन्फिग आणि नोट्स नावाच्या लांब फाइली, ज्यांत पर्याय टिप्पण्यांसह दिलेले असतात. ओपनबीएसडीत मॅन पान (टर्मिनलमध्ये वाचायची माहिती) आहे, पण तिथली भूमिकाच वेगळी: जेनेरिक वापरा, स्वतःचा कर्नल करू नका. लोकांसमोर कमी पर्याय ठेवले की समजावूनही कमी द्यावं लागतं, हा विचार मला पटतो. लिनक्सला मात्र घड्याळापासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे जायचं असल्याने तो परवडत नाही.

हे सगळं मराठीत का नाही?

मेन्यूकॉन्फिगमध्ये इतर भाषांची सोय एके काळी होती. 2018 साली ती काढली, कारण ती मोडलेली होती आणि कित्येक वर्षं कुणी तिला हात लावला नव्हता. कर्नलच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरात चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश अनुवाद आहेत, मराठी नाही. हे मला खुपतं. मुलं इंग्रजी वाचतात, पण "मे नॉट एक्स्पोज ऑल फीचर्स" सारख्या वाक्याचा अर्थ लावताना अडखळतात आणि अंदाजाने वाय दाबून मोकळी होतात.

करायचंच असेल तर दहा हजारांच्या मागे लागू नका. वर्गात दर वेळी लागणारे पन्नासेक पर्याय घ्या. नावं, वाय-एम-एन, ड्रायव्हर, मॉड्यूल हे शब्द आहेत तसेच ठेवा. "चालक" किंवा "विभागघटक" लिहिलंत तर वाचणारा पडद्यावर ते शोधत बसेल. मराठी हवी ती कारणांसाठी आणि परिणामांसाठी: कुणाला लागतं, नाही घेतलं तर काय होतं, किती जागा खातं. आणि कुठल्या आवृत्तीचा मजकूर वाचून लिहिलंत ते वर टाका. मूळ मजकूर जीपीएल आवृत्ती 2 या परवान्याखाली आहे, अनुवादही त्याखालीच ठेवा.

मदत-मजकुरात चूक दिसली. दुरुस्ती पाठवू शकतो?

जरूर पाठवा. कर्नलमध्ये पहिलं पाऊल टाकायला याहून चांगली जागा नाही, कारण कोड न बिघडवता संपूर्ण रीत शिकता येते. चुकीचं मॉड्यूलचं नाव, हललेल्या फाइलचा जुना पत्ता, बंद पडलेली वेबसाइट, असं पुष्कळ सापडतं. डॉक्युमेंटेशन फोल्डरातल्या फाइलींचे तुटलेले पत्ते शोधून देणारी स्क्रिप्टही सोर्समध्येच आहे.

बदल करा, मजकूर खरा आहे का ते कोड उघडून पडताळा, चेकपॅच चालवा. गेट_मेंटेनर स्क्रिप्ट कुणाला पाठवायचं ते सांगते. "साइन्ड-ऑफ-बाय" ही सहीची ओळ हवीच. ईमेल साध्या मजकुरात, गिट सेंड-ईमेलने पाठवा. एचटीएमएल ईमेल कर्नलच्या ईमेल-यादीपर्यंत पोचतच नाही आणि तुम्ही उगाच उत्तराची वाट पाहत बसता. संदेशात आधी काय चुकीचं होतं आणि वापरणाऱ्याला त्याचा काय त्रास होतो हे दोन वाक्यांत लिहा. आठवडाभर उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करा.

त्या एनव्हीएमईवाल्या मुलाला मी हेच सांगितलं. रूट डिस्कबद्दलचं वाक्य लिहायचा त्याचा तिसरा मसुदा सध्या माझ्याकडे वाचायला आहे.